खाडीच्या चिखलाचे पेढे

पालघरला जाऊन आले म्हटलं की सोलापुरात प्रत्येकजण विचारतो, केळव्याचा समुद्र कसा आहे? समुद्र छान आहे. किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत, मागं नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी मुंबईची माणसं तिथं येऊन मोठमोठ्यानं फोनवर बोलतात. पण मी समुद्रासाठी गेलेच नव्हते. मी गेले होते खाडीचा चिखल काढायला, आणि तोही माझ्या मामेबहिणीच्या जंतूंसाठी. हे ऐकल्यावर विचारणारा जरा मागं सरतो आणि विषय उन्हावर नेतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मामेबहिणीचं नाव वृंदा. पुण्याच्या एका महाविद्यालयात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात जंतू पाळते. ती प्रयोगशाळेतल्या ओल्या फरशीवरून घसरली, उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिचा मला फोन आला. मला वाटलं, घरकामाला बोलावते आहे. तर म्हणाली, "सुलूताई, तुझे दोन हात चार दिवस उसने दे. खाडीवर जायचंय. ओहोटी काही माझ्या प्लास्टरसाठी थांबणार नाही."

मी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली. पावसाळ्यात मैदानाची दलदल व्हायची, त्यातही मी पोरांना कबड्डी खेळवलेली आहे. चिखलाचं काय घेऊन बसलीस, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो तोरा पुढं कुठं रुतला ते ओघानं येईलच.

वाटेतल्या प्रवासाचं वर्णन करत नाही. बसायला जागा मिळाली आणि वृंदानं जंतूंचं पुराण सांगितलं, एवढंच त्यात घडलं. पुराण थोडक्यात असं. सांधेदुखीवर एक गोळी मिळते. माझ्या गुडघ्यांसाठी ती माझ्याही पर्समध्ये असते. आपण गोळी घेतो तेव्हा तिच्यातलं सगळं काही अंगी लागत नाही, उरलेलं मोरीतून, गटारातून वाहून जातं. ज्या कारखान्यात ती बनते तिथली भांडी धुतलेलं पाणीही कुठंतरी जातं. हे औषध पाण्यात सहजासहजी विरत नाही. वृंदानं पुण्याच्या नदीकाठच्या मातीतून असे जंतू शोधून काढले होते, जे हे औषध चक्क खातात. औषध संपवून मागं जवळजवळ काही ठेवत नाहीत. पण कारखान्याचं पाणी असतं खारट, आणि त्या खारट पाण्यात तिचे हे गोडे जंतू लगेच मान टाकतात. तिला हवा होता मीठ आणि औषध दोन्ही पचवणारा. असा कुठं असेल तर खाडीच्या चिखलात, हा तिचा हिशेब होता. तो नाही सापडला तर या वर्षअखेर तिचा प्रकल्प गुंडाळायचा, असं तिला कळवलेलं होतं.

मी म्हटलं, मग सापडू दे बाई एकदाचा. त्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सापडावा असंही वाटतं आणि सापडू नये असंही. उगीच कुठलाही जंतू गोळ्या खायला शिकत नाही. वर्षानुवर्षं ताटात तेच पडलं तर शिकतो. जिथं तो सापडेल, तिथं औषध पोचलंय असं समजायचं."

मला ते पटलं. शाळेच्या वसतिगृहात रोज दुधीची भाजी असायची, तेव्हा शेवटी शेवटी पोरं ती मागून घ्यायची.

बोईसर

बोईसरला पहिला मुक्काम. स्टेशनाबाहेर पडलं की कानावर पहिली पडते ती हिंदी. उत्तरेकडून कामाला आलेली माणसं, त्यांच्या टपऱ्या, त्यांचं लिट्टी-चोखा. चहावाल्याशी मी आमच्या सोलापुरी हिंदीत बोलले, तर त्यानं मला हैदराबादची समजून चहात साखर कमी आहे का म्हणून दोनदा विचारलं. हवेत एक वास होता. गोडसर, जुन्या दवाखान्यात येतो तसा. तासाभरानं तो येईनासा झाला. वृंदा म्हणाली, वास गेला नाही, आपलं नाक हरलं.

इथं मला माझा माणूस भेटला. बसवराज आमच्या शाळेचा, कबड्डीत चढाईला एक नंबर. अभ्यासात कच्चा म्हणून त्याच्या वडिलांनी त्याला माझ्यादेखत झोडपला होता. आता तो इथल्या एका औषध कारखान्यात सांडपाणी साफ करण्याच्या विभागात आहे. मी येते आहे कळल्यावर तो घ्यायला आला, त्यानं रस्त्यातच वाकून नमस्कार केला आणि घरी जेवायला नेलं. दोन खोल्यांचं घर, पण दारात सोलापूरसारखी तुळस, आत बायकोनं थापलेली ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी. गाव सोडून चोवीस तास झाले नव्हते, तरी ती भाकरी बघून मला गहिवरून आलं. म्हातारपणाचं लक्षण, दुसरं काय.

जेवताना बसवराज आणि वृंदा असे काही बोलायला लागले, जसं अंगणवाडीच्या दारात दोन आया बोलतात. काय खातात, किती खातात, पोट बिघडलं तर काय करता. कारखान्यात एक भली मोठी टाकी असते आणि तिच्यात जंतूंची सेना असते, तीच पाण्यातली घाण खाते. बसवराज तिला शेणाचं पाणी देतो, गूळ देतो, थोडा युरिया देतो. दिवाळीत कारखाना बंद, पाणी येणार नाही, म्हणजे जंतू उपाशी. म्हणून पाडव्याच्या सकाळी अंघोळ करून तो गुळाची ढेप घेऊन टाकीवर जातो. बायको म्हणाली, माझ्या माहेरी जायला सुट्टी नाही, जंतूंना पाडव्याचा गूळ घालायला मात्र आहे.

"पण बाई, एक खारट पाण्याचा लोड आला की संपलं बघा," बसवराज मला म्हणाला. "दोन दिवसांत टाकी काळी पडती. मग परत शेण, परत गूळ, परत पहिल्यापासनं. ताईंचा जंतू मिठाला टिकला तर माझ्या टाकीत पहिला सोडायचा, एवढं सांगून ठेवतो."

मी विचारलं, नाही टिकला आणि टाकी काळी पडलेली असतानाही कारखाना चालू राहिला तर? तो भाकरीचा तुकडा मोडत बसला. मग म्हणाला, की सातपाटीच्या बाजूला मासे आणायला गेलो, तर मी कुठं काम करतो ते सांगत नाही. तिथल्या बाया विचारतात, तेव्हा मी वीजकेंद्रात आहे म्हणतो. एवढा चढाई मारणारा पोरगा, खोटं सांगताना आजही त्याचे कान लाल होतात.

सातपाटी

दुसऱ्या दिवशी सातपाटी. ज्यांनी बोंबील फक्त ताटात पाहिलेत त्यांनी ते इथं येऊन वाळताना पाहावेत. बांबूच्या उंच मांडवांवर जोडी-जोडीनं लटकवलेले, ऊन अंगावर घेत. आमच्याकडं उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालतात तसंच सगळं, फक्त मांजरं इथली जास्त धष्टपुष्ट आहेत. वासाचं सांगायचं तर मी आधी पदर नाकाला लावला. ते एका कोळिणीनं पाहिलं आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं, त्यावर अख्खी रांग हसली. मी पदर सोडला आणि दिवसभर परत लावला नाही.

बंदरावर होड्या लागल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या. मासळी विकणाऱ्या बायकांचा आवाज ऐकून माझी मान खाली गेली. मी शिट्टीशिवाय अख्खं मैदान ऐकवणारी बाई, पण इथं माझी गणती नाही. शिवाय त्या ओरडत नाहीत, नुसत्या बोलतात, तरी पलीकडच्या होडीवर ऐकू जातं. बोलता बोलता त्यांचं एकच रडगाणं होतं, की आता लांब जावं लागतं, जवळ काही लागत नाही. आमच्याकडं विहिरीच्या पाण्याबद्दल हेच बोलतात.

वाडीवर

सातपाटीच्या अलीकडं खाडीच्या कडेला एक वाडी आहे. नाव लिहीत नाही. त्यांच्या मासळीला उगाच बोल लागायला नको.

तिथं मथुरामावशी राहतात. गेल्या वर्षी वृंदा जागा बघायला आली होती, तेव्हा चिखलात पाय कुठं टिकतो ते त्यांनीच तिला दाखवलं होतं. घरात त्या, मुलगा रोशन आणि सून प्रणाली. रोशन दुसऱ्याच्या होडीवर जातो. होडी नसेल त्या दिवशी ओहोटीला खाडीत उतरून निवटे धरतो. निवटा म्हणजे बोटाएवढा, डोळे वर आलेला मासा. हा मासा असून चिखलावर चालतो, उड्या मारतो, आणि माणूस दिसला की बिळात शिरतो. बिळात हात घालून त्याला काढायचा. मी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता.

आम्ही ओहोटीला निघालो. वृंदा बांधावर उभी राहून एका हातानं हुकूम सोडत होती आणि मी बाटल्या घेऊन खाली. एक बाटली खाडीला मिळणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी भरायची होती, एक मध्यावर, आणि एक निवटे धरतात त्या जागी. पहिल्या दोन झाल्या. तिसरीला मी मावशींनी दाखवलेली वाट सोडून सरळ गेले, कारण मला सरळ जायची सवय आहे. चार पावलांत गुडघ्यापर्यंत आत. पाय उपसायला गेले तर दुसरा आणखी खाली. जिच्या तालमीत शंभर मुलांनी दंडबैठका काढल्या, ती बाई पालघरच्या खाडीत उभी होती, हातात जंतूंची बाटली उंच धरून. रोशननं फळी टाकली, मला आडवी व्हायला सांगितलं आणि ओढून काढलं. चपला खाडीनं ठेवून घेतल्या. प्रणाली बांधावर पोट धरून हसत होती, आणि मावशी तिला दटावत होत्या, "येवढी हसू नको, पोटाला ताण पडंल."

तेव्हा कळलं की तिला चौथा महिना होता.

अंघोळ करून जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र आणि मऊ. आमच्या ज्वारीच्या भाकरीला जो कणखरपणा असतो तो तिच्यात नाही, पण रश्शात बुडवली की ती विरघळते आणि तक्रारीला जागा उरत नाही. सुक्या बोंबलाची चटणी होती. मी मटण खाणारी, माशाच्या काट्याला भिणारी, तरी चटणी दोनदा मागून घेतली. मग मावशींनी झाकलेलं पातेलं पुढं ओढलं. राखेनं चोळून, धुऊन, तिखटात केलेले निवटे. वास असा सुटला होता की प्रणालीनं मान तिकडं वळवली.

मावशींनी वाढपाचा चमचा वृंदाच्या ताटावर धरला आणि थांबल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. या घरात वर्षभर खाडीचं काही शिजलं नव्हतं. प्रणालीचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही, होतं असं. पण खाडीवर कधीकधी फेस येतो, कधी मासे उलटे होऊन वर येतात, ते मावशींच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी घरापुरती खाडी बंद केली. आता सुनेला पुन्हा दिवस गेले आणि तिला डोहाळे लागले ते नेमके निवट्यांचे. डोहाळे अडवायचे नाहीत, ही रीत आपल्याकडंही आहे. माझ्या वेळी माझ्या सासूनं चैत्रात कुठून कुठून सीताफळ शोधलं होतं.

"तू शिकलेली हायस, याच चिखलाचं शिकलीस," मावशी वृंदाला म्हणाल्या. "तू खाल्लंस तर हिला वाढते. तू नको म्हनलीस तर नाय."

सगळ्यांचे डोळे वृंदाच्या ताटावर. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, खाऊन टाक बाई, एक निवटा खाल्ल्यानं काय होतंय, पोरीचं तोंड बघ. वृंदानं डावा हात ताटावर आडवा धरला.

"मावशी, मला माहीत नाही. आणि माहीत नाही तोवर तिनं खाऊ नये."

"तुला माहीत नाय, मंग कुनाला माहीत हाय?"

वृंदानं बाटल्यांकडं बोट दाखवलं. ती सांगू लागली, की म्हणून तर हा चिखल नेते आहे. यात एक बारीक जंतू असेल का ते बघायचं आहे, तो औषधाचं विष खातो. मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, खातो म्हणजे संपवून टाकतो का? वृंदा म्हणाली, हो, संपवून टाकतो. मावशी म्हणाल्या, मग तो सापडला तर बरंच होईल. वृंदा म्हणाली, फार बरं होईल. त्या वेळी आम्हा सगळ्यांना वाटलं, आपण एकच गोष्ट बोलतोय.

पातेल्यातले निवटे वाया कसे घालवायचे? मावशींनी ते स्वतःच्या ताटात घेतले. म्हणाल्या, माझ्यात आता काय बिघडायचं हाय. प्रणाली उठून बाहेर गेली, ओटीवर जाऊन बसली.

केळवे

तिसरा मुक्काम केळव्याला, एका पोफळीच्या वाडीतल्या घरी. यजमानीणबाईंनी उकडहंडी केली होती. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा असं थंडीतलं जे जे काही मिळतं ते सगळं मडक्यात घालून, वर पाला बांधून शिजवलेलं. शाकाहारी जेवणानं इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. अडचण बाटल्यांची झाली. त्या थंड ठेवायच्या होत्या आणि फ्रिजमध्ये नैवेद्याचं नारळाचं दूध होतं. चिखलाची बाटली देवाच्या दुधाशेजारी ठेवायला बाई राजी होईनात, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. शेवटी बर्फाच्या खोक्यात घालून बाटल्या वृंदाच्या उशाशी राहिल्या. दुसऱ्या दिवशी माकुणसारवरून सफाळ्याला येताना रिक्षा जिथं उडेल तिथं ती खोकं मांडीवर घ्यायची. प्लास्टरचा हात मात्र तिनं खुशाल आपटू दिला.

पुण्यात मी तिचं प्लास्टर निघेपर्यंत राहिले. जंतू शोधायची रीत मला तिथं कळली आणि ती मला आवडली. बाटलीतल्या चिखलाचा थेंब खारट पाण्यात सोडायचा आणि खायला ते एकच औषध ठेवायचं, दुसरं काही नाही. ज्याला ते खाता येत नाही तो उपाशी मरतो. जो जगेल त्याला पुन्हा तसंच ठेवायचं. पुन्हा आणि पुन्हा. पोरांच्या संघनिवडीत मी यापेक्षा वेगळं काही करत नव्हते, फक्त माझी मुलं घरी जाऊन जेवायची.

नाल्याच्या तोंडाच्या बाटलीत काही उरलं नाही. मधल्या बाटलीतले थोडे तगले आणि मग ओसरले. मी सोलापूरला परतले. होळी झाल्यावर एका दुपारी वृंदाचा फोन आला. ती नुसतं माझं नाव घेत राहिली. मला वाटलं, पुन्हा पडली. मग म्हणाली, "सुलूताई, सापडला. तिसऱ्या बाटलीत. मिठात राहतो आणि सगळं औषध खाऊन मोकळा होतो." मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारचे वर आले. तिचा प्रकल्प वाचला होता. तिच्या प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. तिसरी बाटली कुठली, हे मला ठाऊक होतं आणि तिला तर होतंच, पण त्या आनंदात दोघींच्याही मनाला ते शिवलं नाही.

पुन्हा वाडीवर

आता पुढच्या चाचण्यांना बाटलीभर चिखल पुरणार नव्हता, बादल्या भरून हवा होता. म्हणून एप्रिलच्या शेवटी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी माझ्या पायात गमबूट होते. रस्त्याकडेला ताडगोळेवाल्या बसल्या होत्या. ते थंडगार, पाण्यानं भरलेले ताडगोळे सालासकट खायचे असतात की सोलून, यावर आमचा वाद झाला. मी सालासकट खाल्ले आणि पस्तावले. वृंदाच्या पिशवीत पेढ्यांचा मोठा पुडा होता. पुण्याहून मुद्दाम ताजे घेतलेले.

मथुरामावशी ओटीवर जाळं विणत होत्या. प्रणालीला सातवा लागला होता, चेहरा भरला होता. वृंदानं पुडा उघडून मावशींच्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशी, सापडला तो. तुमच्याच चिखलात सापडला."

मावशींनी आधी पेढा देवापुढं ठेवला. मग एक सुनेच्या तोंडात घातला आणि तिच्या गालावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. आत झोपलेल्या रोशनला हाक मारून उठवलं, त्याच्या हातात पत्र्याचा डबा दिला. ओहोटी लागलीच होती, तो तसाच बांधाकडं पळाला. मावशी चुलीपाशी गेल्या, राख चाळायला लागल्या. मी पेढा खात होते. आज या घरात किती आनंद आहे, एवढंच मला कळत होतं. निवटे चोळायला राख लागते हे मला आठवायच्या आत वृंदाला आठवलं. तिनं मावशींचा हात धरला.

"मावशी, कुठं पाठवलंत त्याला?"

"निवट्यांना. तूच म्हनलीस ना, तो किडा इख खातो. आमच्या चिखलात हाय म्हंजे आमचा चिखल साफ हाय."

वृंदा त्यांच्या शेजारी चुलीपाशी बसली. मग तिनं सांगितलं. एकही शब्द गुळगुळीत न करता सांगितलं, त्याबद्दल मला तिचा अभिमान वाटतो. हा जंतू इतका वाढला तो रोजचं खाणं मिळालं म्हणून. त्याच्या तोंडून सुटलेलं औषध अजून चिखलात आहे, तिनं ते आता मोजूनही बघितलं आहे. निवट्यांच्या अंगात किती उतरलं ते तपासायचं आहे. आणि हे सांगायच्या आधी ती पेढे घेऊन आली, ही चूक तिची एकटीची.

प्रणालीनं तोंडातला पेढा गिळला नव्हता. तो तसाच गालात धरून ती कधी सासूकडं, कधी वृंदाकडं बघत होती. मावशींनी राखेची चाळणी खाली ठेवली.

"मंग पेढे कसले?"

"माझ्या कामाचे आहेत, मावशी. तुमचे नाहीत."

मी आयुष्यात पुष्कळ हरलेले सामने पाहिले आहेत, त्यानंतर पोरांना काय सांगायचं ते मला जमतं. इथं त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. मला वृंदाचा राग आला, स्वतःचा आला, माझ्या पर्समधल्या गोळ्यांचा आला, आणि गूळ घेऊन पाडव्याला टाकीवर जाणारा बसवराज उगाचच आठवला. वृंदाच बोलत राहिली. हा जंतू आधी कारखान्यातल्या टाकीत राबेल का ते बघायचं. तिथं टिकला, तर औषध खाडीत यायच्या आधीच संपेल. मावशींनी विचारलं, कधी? वृंदा म्हणाली, सांगता येत नाही, आणि टिकेलच असंही नाही. पण जे काही होईल, वाईट झालं तरी, ते सांगायला मी इथं येईन.

मावशी उठून बांधावर गेल्या आणि लेकाला हाक मारली. तो लांब होता, चिखलात पोटावर आडवा. आईची हाक ऐकून त्यानं डबा उंच करून दाखवला, त्याला वाटलं किती मिळाले ते विचारते आहे. मावशींनी पुन्हा हाक मारली. तो आला, अंगभर चिखल, डब्यात निवट्यांची उसळाउसळ. चांगले मोठे होते. मावशींनी त्याला चार शब्दांत सांगितलं. त्यानं बायकोकडं पाहिलं, मग बांधाच्या कडेला बसून डबा आडवा केला. निवटे क्षणभर तिथंच थांबले, डोळे फिरवले, आणि टुणटुण उड्या मारत आपापल्या बिळाकडं गेले. प्रणाली दारात उभी होती. ती रडत होती, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवण्यापलीकडं काही करू शकले नाही.

आमच्या बादल्या बांधावर तशाच होत्या. वृंदानं त्या उचलल्या आणि जायला वळली. मला वाटतं, त्या दिवशी चिखल न घेताच ती परत फिरली असती.

"कुठं चाललीस?" मावशी म्हणाल्या. "मासा आमी सोडला. चिखल ने तू, लागंल तेवढा ने."

त्यांनी लुगड्याचा काष्टा वर खोचला, वृंदाच्या हातातली बादली घेतली आणि पाय टिकतो त्या वाटेनं आमच्या पुढं खाडीत उतरल्या.